अखेरच्या घटकेचा रखवालदार

विजय मिळविणें आणि मिळालेला विजय राखणें हीं दोन वेगळीं कामें आहेत. पहिल्या कामाला टाळ्या मिळतात. दुसरें काम चोख झालें, तर कांहीं घडलेंच नाहीं असें सर्वांना वाटतें. पहारेकरी रात्रभर जागा राहिला, तर सकाळीं गांवांत त्याविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. त्याचा डोळा लागला आणि घर फुटलें, म्हणजे मात्र त्याचें नांव सर्वतोमुखीं होतें. अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत असाच एक पहारेकरी असतो. सामना रंगांत आल्यावर थकलेल्या सोबत्याच्या मदतीला धांवणारा म्हणून त्याला रिलीफ पिचर म्हणतात. आणि अशा मदतगारांपैकीं अगदीं शेवटच्या घटकेला जो उभा राहतो, त्याला क्लोझर ही संज्ञा आहे. पनामा देशांतील एका मच्छीमाराच्या मुलानें हें काम अशा रीतीनें केलें कीं, या पदाचा उल्लेख होतांच प्रथम त्याचेंच नांव जिभेवर येतें. त्याचें नांव मारियानो रिव्हेरा.

ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिला नसेल, त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. क्रिकेटप्रमाणेंच एकानें चेंडू टाकावा, दुसऱ्यानें तो टोलवावा आणि बाकीच्यांनीं तो अडवावा, असा हा खेळ. मात्र येथील फळी चपटी नसून सोट्यासारखी गोल असते, आणि चेंडू टप्पा न घेतां सरळ येतो. तो टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो धांवत येत नाहीं. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून फलंदाजाकडे चेंडू फेंकतो. दोघांमधील अंतर ६० फूट ६ इंच. ताशीं नव्वद मैलांहून अधिक वेगाच्या चेंडूला तेवढी वाट तोडावयास अर्ध्या सेकंदाहूनहि कमी वेळ लागतो. चौकोनाच्या कोपऱ्यांवर बेस नांवाचीं ठाणीं असतात. त्यांना क्रमानें स्पर्श करून फलंदाज मूळ जागीं परतला, म्हणजे एक धांव. तीन चांगले चेंडू हुकले कीं तो बाद. उलट चार चेंडू भलतीकडे पडले, तर पहिला बेस त्याला आयता मिळतो. प्रत्येक पक्षाचे नऊ डाव असतात व प्रत्येक डावांत तीन गडी बाद व्हावे लागतात. एकंदरींत सत्तावीस गडी बाद करावयाचे. हें सारें ओझें एका पिचरानें वाहिलें तर उत्तमच. पण त्याचा हात थकला, तर दुसरा बोलावतात, आणि एकदां बाहेर गेलेल्या पिचराला त्या सामन्यांत पुन्हां येतां येत नाहीं.

पूर्वीं ज्यानें सामना सुरू केला त्यानेंच तो संपवावा, अशी रीत होती. मध्येंच मैदान सोडणें कमीपणाचें मानीत, आणि त्याच्या जागीं जो येई, तो बहुधा उतार वयाचा किंवा मुख्य पिचरांत स्थान न मिळालेला असे. १९२० नंतरच्या दशकांत वॉशिंग्टनच्या संघानें फर्पो मारबेरी याच्याकडून हें काम मुद्दाम करवून घेतलें. पुढें न्यू यॉर्कच्या यांकी संघांत जॉनी मर्फी आला. संकटाच्या वेळीं धांवून येणाऱ्या अशा पिचरांना लोक कौतुकानें आगीच्या बंबावरचा गडी म्हणूं लागले. तरी त्यांच्या कामाचें माप घेण्याचें साधन कोणाजवळ नव्हतें. जिंकणाऱ्या पिचराच्या नांवावर विजय मांडीत, हरणाऱ्याच्या नांवावर पराजय. पण दुसऱ्यानें मिळविलेला विजय ज्यानें राखला, त्याच्या खात्यावर काय मांडावें? शिकागोचा क्रीडालेखक जेरोम होल्टझमन यानें १९६० च्या सुमारास याचें उत्तर शोधलें. थोडीशी आघाडी असतांना शेवटीं येऊन जो ती टिकवितो व सामना संपवितो, त्याच्या खात्यावर एक ‘सेव्ह’, म्हणजे एक राखण, मांडावी, असें त्यानें सुचविलें. १९६९ सालीं हें माप अधिकृत झालें. १९८५ मध्यें हॉइट विल्हेल्म हा कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत प्रवेश मिळविणारा पहिला रिलीफ पिचर ठरला. त्याच दशकाच्या अखेरीस ओकलंड संघाचा व्यवस्थापक टोनी ला रूसा यानें डेनिस एकर्स्ली याला जवळ जवळ केवळ नवव्या डावासाठींच राखून ठेवण्याचा प्रघात पाडला, आणि क्लोझरच्या पदाला आजचें रूप आलें.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं राखणीचें माप अधिकृत झालें, त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर १९६९ रोजीं पनामांत रिव्हेराचा जन्म झाला. त्याचें बालपण पॅसिफिक महासागराच्या कांठच्या पुएर्तो काइमितो या कोळ्यांच्या गांवीं गेलें. वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते. घरांत पैशाची सुबत्ता नव्हती. खेळाचें साहित्य मुलांनीं समुद्रकिनारीं मिळेल त्यांतूनच उभें करावें: जुन्या जाळ्यांच्या चिंध्यांचा गोळा करून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली कीं चेंडू झाला, झाडाची सरळ फांदी म्हणजे फळी, आणि दुधाचें पुठ्ठ्याचें खोकें म्हणजे हातमोजा. मैदान म्हणजे ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली वाळू. चामड्याचा खरा हातमोजा वडिलांनीं घेऊन दिला, तेव्हां मुलगा बारा वर्षांचा होता.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यानें शाळा सोडली आणि वडिलांच्या बोटीवर जाळीं ओढण्याचें काम पत्करलें. तें काम त्याला मनापासून आवडलें नाहीं. पुढें एकदां बोट समुद्रांत कलंडली आणि ती सोडून जीव वांचवावा लागला. समुद्रावर पोट भरावयाचें नाहीं, हा विचार तेव्हां त्याच्या मनांत पक्का झाला. बेसबॉल हा मात्र अजून छंदच होता. पनामा ओएस्ते या स्थानिक संघांत तो पिचर नव्हताच. आंतल्या बाजूला उभें राहून चेंडू अडविणें हें त्याचें काम. एके दिवशीं संघाच्या पिचराची त्रेधा उडाली, तेव्हां चेंडू टाकावयास हा पुढें झाला. कारकीर्दीची सुरुवातच दुसऱ्याच्या मदतीला धांवून जाण्यांत व्हावी, हें त्याच्या पुढील आयुष्याला साजेसेंच होतें. सोबत्यांनीं ही गोष्ट यांकी संघासाठीं खेळाडू हुडकणाऱ्यांच्या कानावर घातली. हर्ब रेबर्न या पारख्यानें त्याला पूर्वीं पाहून सोडून दिलें होतें. आतां चेंडू टाकतांना पाहून त्याचें मत बदललें. सडपातळ अंगकाठी, वेग बेताचा, पण हाताची हालचाल अशी सहज कीं, जणु श्रम म्हणून कांहीं नाहींतच. १७ फेब्रुवारी १९९० रोजीं करार झाला. हातीं पडलेली रक्कम तीन हजार डॉलरहि भरली नाहीं.

वीस वर्षांचा हा तरुण फ्लॉरिडांतील टँपा येथें आला, तेव्हां त्याला इंग्रजीचें एक वाक्यहि येत नव्हतें. नवशिक्यांच्या त्या पहिल्या हंगामांत त्यानें ५२ डाव टाकले आणि त्यांत त्याच्या स्वतःच्या दोषानें प्रतिपक्षाला मिळालेली धांव एकच होती. असें असूनहि पुढची वाट सरळ गेली नाहीं. ऑगस्ट १९९२ मध्यें कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन नवीन संघ स्थापन होत होते, आणि जुन्या संघांनीं राखून न ठेवलेल्या खेळाडूंतून त्यांना निवड करावयाची होती. यांकींनीं रिव्हेराला राखून ठेवलें नाहीं. आणि त्या दोन संघांपैकीं एकानेंहि त्याला उचललें नाहीं. जो पुढें अनमोल ठरावयाचा होता, तो त्या दिवशीं कोणालाच नको होता.

२३ मे १९९५ रोजीं तो पहिल्यानें मोठ्या मैदानावर उतरला, आणि तोहि सामना सुरू करणारा पिचर म्हणून. कॅलिफोर्नियाच्या संघानें त्याच्यावर पांच धांवा काढल्या व यांकी दहा विरुद्ध शून्य असे हरले. थोड्याच दिवसांत त्याला खालच्या श्रेणीच्या संघांत परत धाडण्यांत आलें. त्याला दुसऱ्या संघास देऊन मोबदल्यांत अनुभवी पिचर आणावा, अशा वाटाघाटीहि चालू झाल्या. इतक्यांत खालून वार्ता आली कीं, त्याच्या चेंडूचा वेग एकाएकीं ताशीं पंचाण्णव मैलांच्या घरांत गेला आहे. वाटाघाटी थांबल्या. परत बोलावल्यावर ४ जुलै रोजीं शिकागो येथें त्यानें आठ डावांत एकहि धांव दिली नाहीं. तरीहि त्या वर्षींची त्याची एकंदर सरासरी नऊ डावांमागें साडेपांच धांवांची, म्हणजे सामान्यांतहि खालची होती. सामना सुरू करणारा पिचर या नात्यानें रिव्हेरा अयशस्वी ठरला, असेंच म्हणावें लागतें. जवळ जवळ प्रत्येक क्लोझरच्या चरित्रांत हें प्रकरण आढळतें: मोठ्या कामासाठीं घडविलेलें हत्यार तेथें चाललें नाहीं, म्हणून लहान कामाला लावलें, आणि तेथेंच त्याची धार कळून आली.

१९९६ सालीं त्याला सातव्या आणि आठव्या डावाचें काम मिळालें. नववा डाव जॉन वेटलंड हा अनुभवी क्लोझर संभाळी. दोघे मिळून प्रतिपक्षाला शेवटचे तीन डाव जणु बंदच करून टाकीत. त्या वर्षीं यांकींनीं वर्ल्ड सीरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका जिंकली. वेटलंड दुसऱ्या संघांत गेला आणि १९९७ पासून नववा डाव रिव्हेराकडे आला. सुरुवात वाईट झाली. राखणीच्या पहिल्या सहा प्रसंगांपैकीं तीन त्यानें गमावले. तेव्हां व्यवस्थापक जो टॉरी यानें त्याला जवळ बोलावून सांगितलें कीं, हें पद त्याचेंच आहे व त्याचेंच राहील. कांहीं माणसांना धाकापेक्षां असा एक शब्दच अधिक उपयोगी पडतो.

त्याच जून महिन्यांत ती घटना घडली, जिच्यावर त्याची पुढील सारी कीर्ति उभी आहे. डेट्रॉइट येथें सामन्यापूर्वीं तो रामिरो मेंडोझा या सोबत्याबरोबर सहज चेंडू फेंकीत होता. मेंडोझाला चेंडू झेलणें कठीण जाऊं लागलें. सरळ येणारा चेंडू अगदीं हातमोज्याजवळ आल्यावर एकाएकीं कलत होता. रिव्हेरानें तसें कांहींच योजलेलें नव्हतें. चेंडू सरळ जावा म्हणून पिचरांचा शिक्षक मेल स्टॉटलमायर याच्या मदतीनें त्यानें कांहीं काळ खटपट केली. चेंडू कलायचा थांबेना. शेवटीं खटपट सोडून त्याचाच उपयोग करावयाचें ठरलें. याला कटर म्हणतात. चेंडूवरील शिवणीशीं बोटें किंचित् एका बाजूला सरकवून, मधल्या बोटाचा दाब देऊन तो सोडावयाचा. पाहणाऱ्याला तो साधा वेगवान चेंडू वाटतो. फलंदाज फळी फिरवावयाचें ठरवितो, आणि मग, निर्णय बदलावयास वेळ उरलेला नसतांना, तो कांहीं इंच बाजूला सरकतो. डावखुऱ्या फलंदाजाच्या तो हाताकडे घुसतो. फळीच्या जाड भागाऐवजीं मुठीजवळचा बारीक भाग त्याला लागतो आणि लांकूड मोडतें. १९९९ च्या वर्ल्ड सीरीजमध्यें अटलांटाच्या रायन क्लेस्को याच्या एकाच पाळींत तीन फळ्या मोडल्या, आणि त्याच्याच संघांतील मंडळींना बाकावर बसून हंसूं आवरेना.

रिव्हेरा या चेंडूला ईश्वराची देणगी समजत असे. पण देणगी मिळाली म्हणून ती टिकतेच असें नाहीं. दुसरे पिचर तीन-चार प्रकारचे चेंडू बाळगतात, कारण एकच चेंडू वारंवार पाहून फलंदाज शहाणा होतो. रिव्हेरा पुढील सोळा वर्षें मुख्यत्वें हा एकच चेंडू टाकीत राहिला. तो येणार हें फलंदाजाला ठाऊक, प्रेक्षकांना ठाऊक; तरी तो कोठें येईल याचें गणित इतकें बारीक असे कीं, ठाऊक असून उपयोग होत नसे. एकच राग वर्षानुवर्षें आळविणाऱ्या गवयाला त्यांत दर वेळीं नवी जागा सांपडते, त्यांतला हा प्रकार होता.

तथापि नुसत्या कौशल्यावर हें पद चालत नाहीं. क्लोझरला तीन तास बसून राहावें लागतें. मैदानाच्या कडेला बुलपेन नांवाचें एक कुंपण घातलेलें आवार असतें. तेथें बसून तो दुसऱ्यांनीं उभारलेला आणि विस्कटलेला सामना पाहतो. मग टेलिफोन वाजतो. कांहीं चेंडू टाकून हात गरम करावयाचा, दार उघडावयाचें, आणि हजारों डोळ्यांदेखत मधल्या उंचवट्यापर्यंत चालत जावयाचें. न्यू यॉर्कच्या मैदानावर रिव्हेरा येई त्या वेळीं एक कर्णकर्कश गाणें वाजवीत. त्याची निवड त्यानें केली नव्हती, आणि त्या गोंगाटाशीं त्याच्या संथ चालण्याचा कांहीं संबंधहि दिसत नसे. त्याच्या चेहऱ्यावर ना आवेश, ना भीति. शेवटचा गडी बाद झाल्यावर तो उड्या मारीत नसे. कॅचरचा हात हातीं घेई आणि निघून जाई.

ही स्थिरता जन्मजात होती कीं कमावलेली, हें ठरविणें कठीण. तिची परीक्षा मात्र लौकरच झाली. ऑक्टोबर १९९७ मध्यें क्लीव्हलंड येथें यांकी एका धांवेनें पुढें होते आणि मालिका जिंकावयास चारच गडी बाद करावयाचे राहिले होते. सँडी आलोमार यानें रिव्हेराचा चेंडू कुंपणापलीकडे धाडला. तो सामना गेला, पाठोपाठ मालिकाहि गेली. अशा एका फटक्यानंतर पूर्वीं कांहीं नामांकित पिचर कायमचे खचले होते. रिव्हेराचें तसें झालें नाहीं. १९९८, १९९९ आणि २००० या तिन्ही वर्षीं यांकी अजिंक्य ठरले, आणि तिन्ही मालिकांतील अखेरचा गडी बाद झाला तो त्याच्याच चेंडूवर. १९९९ च्या मालिकेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला.

त्याच्या कारकीर्दीचा खरा अर्थ कळतो तो मात्र त्यानंतरच्या पराभवांत. २००१ चा तो शरद ऋतु न्यू यॉर्कला शोकाचा होता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला आठ आठवडेहि लोटले नव्हते. शहराचा संघ वर्ल्ड सीरीजमध्यें पोंचला होता, आणि ॲरिझोनांत ४ नोव्हेंबरच्या रात्रीं सातवा, निर्णायक सामना चालू होता. दोन विरुद्ध एक अशी यांकींची आघाडी असतांना रिव्हेरा आठव्या डावांत आला व त्यानें तीन फलंदाजांना फळी हुकवून बाद केलें. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निर्णायक सामन्यांत राखणीचे लागोपाठ तेवीस प्रसंग त्यानें निभावून नेले होते. आतां तिघेच गडी बाकी होते. पण नवव्या डावांत पहिल्यानें टोला मारून बेस गांठला. दुसऱ्यानें चेंडू हळूच पुढें सोडला. रिव्हेरानें तो उचलून दुसऱ्या बेसकडे फेंकला, आणि ती फेंक चुकली. इतक्या वर्षांत सहसा न चुकलेला हात नेमका त्या क्षणीं चुकला. एक गडी बाद झाला, पण पुढच्या फटक्यानें बरोबरी झाली, आणि एक चेंडू फलंदाजाच्या अंगावर गेला. सर्व बेस भरले. लुइस गोन्झालेझ समोर आला. धांव वांचविण्यासाठीं यांकींचे आंतले खेळाडू पुढें सरकून उभे होते. कटर पडला, आणि आपलें काम त्यानें नेहमींप्रमाणें केलें: चेंडू फळीच्या बारीक भागाला लागला. फटका दुबळा होता. एरवीं तो सहज झेलला गेला असता. त्या रात्रीं पुढें उभ्या असलेल्या डेरेक जीटरच्या डोक्यावरून जाऊन तो हिरवळीवर पडला. मालिका संपली. चांगला चेंडू पडला तरी पराजय होऊं शकतो, हें या खेळाचें निष्ठुर सत्य एका क्षणांत सर्वांसमोर आलें.

या पराभवाला एक पुरवणी आहे. यांकी जिंकले असते, तर न्यू यॉर्कमध्यें विजयाची मिरवणूक निघणार होती, आणि संघांतील एन्रिके विल्सन हा खेळाडू ती आटोपून मग डोमिनिकन प्रजासत्ताकांतील आपल्या घरीं विमानानें जाणार होता. मिरवणूक झाली नाहीं. तो आधींच निघून गेला. ज्या विमानानें तो एरवीं जावयाचा, तें १२ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यू यॉर्कहून निघतांच कोसळलें आणि आंतील २६० माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. रिव्हेराला हें कळलें तेव्हां, आपला मित्र जिवंत राहिला म्हणून आपण हरलों याचा आनंदच वाटतो, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले. हें मनाचें समाधान करून घेणें आहे, असें कोणी म्हणेल. पण ज्याच्या हातून वर्षांतला सर्वांत मोठा सामना निसटला, त्याला त्या पराभवाकडे एका माणसाच्या प्राणाच्या मापानें पाहतां यावें, यांत त्याच्या शांतपणाचें मूळ दिसून येतें. सामना म्हणजे सामनाच. त्याहून मोठ्या गोष्टी जगांत आहेत, ही जाणीव ज्याला सुटत नाहीं, त्याचाच हात शेवटच्या घटकेला थरथरत नाहीं.

तीन वर्षांनीं पुन्हां तेंच झालें. ऑक्टोबर २००४ मध्यें बोस्टनविरुद्ध यांकी तीन सामने जिंकून बसले होते आणि चौथ्यांतहि शेवटच्या डावापर्यंत पुढें होते. रिव्हेरानें एका फलंदाजाला चार वाईट चेंडूंमुळें बेस बहाल केला. त्याच्या जागीं धांवावयास आलेल्या डेव्ह रॉबर्ट्‌सनें दुसरा बेस चोरला. पुढच्या फटक्यावर बरोबरी झाली. बोस्टननें तो सामना जिंकला, मागाहून सलग तीन जिंकले, आणि १९१८ पासून हुकलेलें अजिंक्यपद अखेर मिळविलें. पुढच्या एप्रिलमध्यें बोस्टनच्या मैदानावर रिव्हेराचें नांव पुकारलें जातांच तेथील प्रेक्षकांनीं त्याला उपरोधानें टाळ्यांचा कडकडाट करून सलामी दिली. अपमान वाटून घ्यावा असाच तो प्रसंग होता. रिव्हेरा हंसला आणि टोपी उंचावून त्यानें ती सलामी स्वीकारली. क्लोझरला विसरतां आलें पाहिजे, असें या खेळांतील जाणते नेहमीं सांगतात. पण विसरणें म्हणजे झालेलें नाकारणें नव्हे. झालेलें हंसून मान्य करावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं तोच चेंडू त्याच विश्वासानें टाकावयाचा, असा तो अर्थ आहे. २००९ मध्यें यांकी पुन्हां अजिंक्य झाले, तेव्हांहि अखेरचा गडी त्यानेंच बाद केला. १९ सप्टेंबर २०११ रोजीं त्याच्या खात्यावर ६०२ वी राखण जमा झाली आणि ट्रेव्हर हॉफमनचा उच्चांक मागें पडला.

त्याच्या पाठीवरील आंकड्याचीहि एक कथा आहे. १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णी खेळाडू ब्रुकलिनच्या संघांतून मैदानावर उतरला आणि वर्णभेदानें अनेक दशकें बंद ठेवलेलें दार उघडलें. त्याच्या पाठीवर ४२ हा आंकडा होता. पन्नास वर्षांनीं, १९९७ मध्यें, त्याच्या सन्मानार्थ तो आंकडा सर्वच संघांनीं कायमचा राखून ठेवला. ज्यांच्याकडे तो आधींच होता, त्यांना मात्र तो वापरण्याची मुभा दिली. एकेक करून ते सारे निवृत्त झाले. शेवटीं ४२ हा आंकडा अंगावर धारण करणारा एकटा रिव्हेरा उरला. अखेरचा माणूस होणें हें जणु त्याच्या नशिबींच लिहिलेलें होतें.

मे २०१२ मध्यें कॅन्सस सिटी येथें सामन्यापूर्वीं सरावाचे चेंडू झेलतांना त्याचा गुडघा दुखावला. आंतील महत्त्वाचा स्नायुबंध तुटला. बेचाळीस वर्षांच्या खेळाडूनें एवढ्यावर थांबणें कोणीहि रास्त मानलें असतें. तो परत आला आणि २०१३ च्या शेवटच्या हंगामांत त्यानें ४४ राखणी केल्या. त्या वर्षीं तो ज्या ज्या शहरीं गेला, तेथें तेथें पडद्याआड राबणाऱ्या माणसांना भेटण्याची त्यानें व्यवस्था केली. मैदान राखणारे, तिकिटें देणारे, स्वयंपाकघरांत खपणारे अशा माणसांबरोबर बसून तो बोलत असे. मिनेसोटाच्या संघानें त्याला भेट म्हणून मोडक्या फळ्यांपासून बनविलेली डुलती खुर्ची दिली. त्याच्या एका चेंडूच्या पराक्रमाचें इतकें नेमकें स्मारक दुसरें झालें नसतें.

२६ सप्टेंबर २०१३ रोजीं न्यू यॉर्कमध्यें तो शेवटचा उतरला. त्या दिवशीं यांकी चार धांवांनीं मागें होते. राखावयास कांहींच नव्हतें. तरी त्यानें चार फलंदाज ओळीनें बाद केले. मग व्यवस्थापकाऐवजीं त्याचे दोन जुने सोबती, अँडी पेटिट आणि डेरेक जीटर, त्याला परत न्यावयास मैदानावर आले. एकोणीस हंगाम ज्याच्या चेहऱ्यावर रेषा उमटली नव्हती, तो पेटिटच्या खांद्यावर डोकें ठेवून ढसढसा रडला.

त्या दिवशीं त्याच्या खात्यावर ६५२ राखणी होत्या, आणि नऊ डावांमागें सरासरी २.२१ धांवांची होती. यावर आक्षेप घेणारे आहेत, आणि त्यांचा आक्षेप पोकळ नाहीं. क्लोझर एका सामन्यांत बहुधा एकच डाव टाकतो. रिव्हेरानें साऱ्या कारकीर्दींत सुमारें १,२८४ डाव टाकले. सामना सुरू करणारा चांगला पिचर तितके सहा-सात वर्षांत टाकतो. तीन धांवांची आघाडी राखणें हें तर पुष्कळांना साधतें. मग या पदाचा एवढा गौरव कां? या प्रश्नाचें उत्तर ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यांत सांपडतें. तेथें प्रतिपक्ष उत्तमांतील उत्तम असतो, आणि बहुतेक पिचरांची सरासरी बिघडते. रिव्हेराची सुधारली. अशा ९६ सामन्यांत १४१ डाव टाकून त्याची सरासरी ०.७० राहिली, त्याच्या स्वतःच्या दोषानें तेथें प्रतिपक्षाला मिळालेल्या धांवा अकरा. चंद्रावर पाऊल ठेवून आलेलीं माणसें बारा आहेत. आणि त्या सामन्यांतील त्याच्या राखणींची संख्या, त्याच्या पाठीवरील आंकड्याप्रमाणेंच, बेचाळीस.

२२ जानेवारी २०१९ रोजीं कीर्तिमंदिरासाठीं झालेल्या मतदानाचा निकाल लागला. ४२५ क्रीडालेखकांनीं मत दिलें होतें, आणि ४२५ मतपत्रिकांवर त्याचें नांव होतें. बेब रूथ, विली मेज यांसारख्या थोरांनाहि एकमत लाभलें नव्हतें. तें प्रथम लाभलें तें सामना सुरू करणाऱ्याला नव्हे, सर्वाधिक फटके मारणाऱ्यालाहि नव्हे, तर दुसऱ्यांनीं मिळविलेलें राखणाऱ्याला. संसारांत, संस्थांत, किंबहुना राष्ट्राच्या जीवनांतहि अशीं माणसें असतात. त्यांच्या जागरणामुळें कांहीं घडत नाहीं, आणि म्हणूनच त्यांची आठवण कोणाला होत नाहीं. पुएर्तो काइमितोच्या तांडेलाच्या मुलाला एवढें भाग्य लाभलें कीं, त्याच्या पहाऱ्याचा हिशेब कोणी तरी मांडून ठेवला होता.